उम्मीच्या खोलीचं प्रकरण

स्फाक्स, ४ फेब्रुवारी

लेल्ला नझीहा,

सलाम. पाकिटावरचं माझं अक्षर बघितलंस तर न फोडताच चुलीत घालशील, अशी भीती होती. म्हणून पत्ता शाळेतल्या कारकुनाकडून लिहून घेतला. एवढी लबाडी मोठ्या बहिणीपुढे आधीच कबूल करतो.

फोन तू उचलत नाहीस. तीन वर्षं करून बघितला, मग सोडून दिला. तुझी तब्येत बरी असावी. महरेझभाईंची कंबर कशी आहे? मासळीच्या कारखान्यात तू अजून उभ्यानेच काम करतेस, की आता मुकादम झालीस?

माझं ठीक आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवतो, ते चालूच आहे. नवीन एवढंच की मी कादंबरी लिहिली. हसू नकोस. ट्युनिसच्या एका लहान प्रकाशनाने ती घेतलीही. एप्रिलअखेर छापायला जायची आहे. फक्त एक प्रकरण अडलंय आणि त्यासाठी तुझ्याकडून थोडी माहिती हवी आहे. अगदी थोडी.

गोष्टीत एक माणूस आहे. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी दिवस सांगितलेले. परदेशात असलेला तिचा मधला मुलगा अचानक वारतो. घरातले ठरवतात, तिला सांगायचं नाही. हा माणूस येतो, खोलीत जातो आणि सांगतो. मग बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

कोणाची गोष्ट आहे हे तुला सांगायला नको. लिबियात, मिस्रात्याच्या बेकरीत आपला शादली भट्टीसमोर कोसळला, त्याला तिसरा दिवस होता. महरेझभाईंनी फोन घेतला होता आणि उम्मीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं तुम्ही नवरा-बायकोने ठरवलं होतं. मी गुरुवारी आलो आणि तिला सांगितलं. तू मला गल्लीत गाठून माझी पिशवी पायाशी टाकलीस आणि म्हणालीस, "आता या घरात तुझं कोणी नाही." सहा वर्षं झाली. तेव्हा मी का सांगितलं ते तुला माहीत आहे. तिचा तो हक्क होता. त्यावर माझं छोटं पुस्तकही आहे, मुलं परीक्षेला वाचतात. तो वाद मला उकरायचा नाही.

मला फक्त एवढंच विचारायचंय: मी दार ओढून घेतल्यावर उम्मीने काय केलं?

एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

तुझा भाऊ,
मुकदाद


स्फाक्स, १९ फेब्रुवारी

लेल्ला,

पंधरा दिवस झाले. पोस्टमन आमच्या गल्लीतून सायकलची घंटी न वाजवता जातो, तरी मी खिडकीशी जातो. शेजारीण म्हणाली, "उस्ताद, लग्न ठरतंय की काय कुठे?" चव्वेचाळिसाव्या वर्षी!

पहिल्या पत्रात मी विचारलं, पण का विचारलं ते नीट सांगितलं नाही. ते वाचून तुला वाटलं असेल, हा आईचं मरण विकायला निघालाय. तसं नाही. किंवा असेलही, मला कळेनासं झालंय.

सकाळी विचार करायचा आणि दुपारी लिहायचं, अशी मी दिवसाची वाटणी केली होती. पण सकाळचा माणूस दुपारीही टेबलाशी येऊन बसतो. गोष्टीत कोणी दार उघडायला उठलं की हा विचारतो, का उठला? उठणं योग्य होतं का? मग उठलेला माणूस दोन पानं कारण देत उभा राहतो आणि दार राहतंच. माझ्या संपादक मादाम सिहाम पहिली दोनशे पानं वाचून म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात कोणाला भूक का लागत नाही हो? लग्न झालं, बारसं झालं, एक माणूस तुरुंगात जाऊन आला. जेवलं कोणीच नाही."

वर्गात मी म्हणतो, "समजा, एक आई आहे." तीस पोरं माना डोलावतात. त्या समजलेल्या आईचा गुडघा दुखत नाही, ती सुनेच्या हातचं नावडतं म्हणून ताट सरकवत नाही. तिला खरं सांगा, नाहीतर खोटं सांगा, ती युक्तिवाद संपेपर्यंत गप्प पडून राहते. गोष्टीतली आई गप्प राहत नाही. निदान राहू नये, असं मादाम सिहाम म्हणतात.

त्या खोलीचं प्रकरण मी तीनदा लिहिलं. एकात आई हंबरडा फोडते. दुसऱ्यात डोळे मिटून म्हणते, "बरं केलंस, खरं सांगितलंस." तिसऱ्यात काहीच बोलत नाही, खिडकीकडे बघत राहते. मादाम सिहाम म्हणाल्या, "पहिली आई सिनेमातली, दुसरी तुमच्या निबंधातली आणि तिसरी आळशी लेखकाची. खरी कुठेय? तुमचा माणूस दार ओढून घेतो, पण वाचक आतच राहतो ना!"

मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मग ज्याला माहीत आहे त्याला विचारा."

उम्मीला सांगितलं त्या दिवशी मी जास्त थांबू शकलो नाही, कारण परतीची बस होती. ते तुला तेव्हाही सांगायचं होतं.

काल वर्गात माझ्या हातून खडू दोनदा पडला. उत्तर दे, लेल्ला. शिवी दिलीस तरी चालेल.

मुकदाद


महदिया, २ मार्च

मुकदाद,

तुझी दोन पत्रं आली. पहिलं महरेझने वाचलं आणि कपाटावर ठेवलं. दुसरं मी वाचलं. मी सातवीपर्यंतच शिकले आहे, चुका काढत बसू नकोस.

तुला एका ओळीत हवंय. एका ओळीत मावणारं नाही ते.

तुला गल्लीत सोडून मी आत आले. मला वाटलं, उम्मी गेली असेल, निदान बेशुद्ध तरी असेल. ती उशीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "इकडे ये. दार लाव. हा आणि शादली कशावरून भांडलेत?"

मी म्हटलं, "कोण भांडलंय?"

"मला शिकवू नकोस. आत्ता येऊन सांगून गेला, शादली मेला म्हणून. तुझा बापही सात वर्षं असंच सांगत होता आपल्या भावाबद्दल. तो मला मेला, तो मला मेला. आणि सणाला त्याच्याच घरी जाऊन पोटभर जेवून आला."

मी दार लावलं. ती म्हणाली, "भाऊ खरंच मेला असता तर पोरगं रडलं असतं. हा पायांत जोडे तसेच घालून उभा होता. डोळे कोरडे. मास्तर हजेरी घेतो तसं बोलला. कशावरून भांडलेत ते सांग. बेकरीतल्या भागीदारीवरून?"

कळलं? तू सांगितलेलं खरं तिच्यापर्यंत पोचलंच नाही. दारातूनच परत गेलं. तुझं ते छोटं पुस्तक दुकानात बघते तेव्हा मला हेच आठवतं.

नंतर अकरा दिवस ती होती आणि त्या अकरा दिवसांत मी काय काय केलं ते अल्लाला माहीत आहे आणि महरेझला. ती हट्टाला पेटली, शादलीला फोन लावा, मला दोघांचं मिटवायचंय. मी म्हटलं, लागत नाही. ती म्हणाली, परत लाव. दोन दिवस जेवली नाही. मग महरेझ छतावर गेला, तोंडावर रुमाल धरला आणि खाली माझ्या फोनवर शादली झाला. उम्मीला तेव्हा कमी ऐकू येत होतं, म्हणून निभावलं.

ती म्हणाली, "बाळा, भट्टी कशी चाललीय?" महरेझ बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, त्याला पावाचं काय कळतंय? घाबरून म्हणाला, "खमीर फुगत नाही, उम्मी." झालं! तिने पाव तास खमीर शिकवलं. पाणी कोमट घे, मीठ शेवटी टाक, वाऱ्यात ठेवू नकोस. इतकी खूश तिला मी वर्षभरात बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी, "विचार त्याला, फुगलं का?"

भांडणाचं कारण मला रचावं लागलं. मी सांगितलं, मुकदादला शादलीच्या पोराचं नाव ठेवायचं होतं, शादलीने दुसरंच ठेवलं. मग ते सगळं लक्षात ठेवावं लागलं, काल काय बोलले, आज काय बोलायचं. महरेझला पायरीवर बसवून शिकवावं लागलं. ती शादलीला, म्हणजे महरेझला म्हणाली, "धाकट्याला माफ कर. पुस्तकं वाचून वाचून त्याला स्वतःला राग आलेलाही कळत नाही." महरेझ म्हणाला, "केलं, उम्मी." आणि छतावर बसून रडला. मी खालून ऐकलं.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "मुकदाद येईल का?" मी म्हटलं, निघालाय. तू निघाला नव्हतास. मी तुला कळवलंच नव्हतं. कळवलं ते दफन झाल्यावर. ते माझ्या अंगावर आहे, दुसऱ्या कोणाच्या नाही.

आता मी विचारते. बस पाच वाजता होती. तू गेलास तेव्हा साडेतीन वाजले होते. तू रडला का नाहीस?

नझीहा


स्फाक्स, १० मार्च

लेल्ला,

पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा उघडायची हिंमत झाली नाही, म्हणून शाळेच्या दप्तरात घालून फिरतोय. मंगळवारी फळ्यावर 'सत्य' असं लिहिलं आणि पुढे काय शिकवायचं तेच आठवेना. मुलांना वाटलं, उस्ताद विचार करतायत. आदराने गप्प बसली.

बसचं खोटं होतं. मी बंदराच्या कठड्यावर जाऊन बसलो होतो. दीड तास. कोळी जाळी धूत होते. एकाने विचारलं, कोणाची वाट बघताय? मी म्हणालो, कोणाची नाही.

का रडलो नाही, ते सांगतो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून वाकडंतिकडं होईल.

शादली गेल्याचं कळल्यापासून दोन दिवस मी कोणाशी बोललो नव्हतो. घरी मी एकटाच. रडू येईना. मला वाटलं, उम्मीला सांगितलं की ती रडेल, तिने जवळ घेतलं की मलाही रडता येईल. हक्कबिक्क तेव्हा डोक्यातही नव्हता. अडतिसाव्या वर्षी मला आईच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं, बस. त्यासाठी मरायला टेकलेल्या बाईला तिचा मुलगा मेल्याचं सांगायला निघालो होतो.

आत गेलो. ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आलास? किती वाळलायस!" आणि मला एकदम भीती वाटली की आता नाही बोललो तर कधीच बोलू शकणार नाही. मी बोलून टाकलं. ती नुसती बघत राहिली. रडली नाही. मला तिचा राग आला, लेल्ला. मेलेल्या भावाच्या आईचा मला राग आला. म्हणून पळालो.

ते पुस्तक मी त्यानंतर लिहिलं, चार महिन्यांनी. आधी पुस्तक आणि मग कृती असा सगळ्यांचा समज आहे, मीही तो होऊ दिला. सत्तर पानांत कुठेही खोली नाही, खाट नाही, जोडे नाहीत. सगळं 'समजा'. मी बरोबर होतो हे मला कोणीतरी म्हणायला हवं होतं. कोणी म्हणेना, म्हणून मीच लिहिलं.

तू रचलेलं मला आयुष्यात रचता आलं नसतं. पावाचं खमीर! त्याच्याशिवाय तिला पटलंच नसतं.

भीती एकच आहे, आता तू पुन्हा गप्प होशील.

मुकदाद

ता. क. एक सांगायचं राहिलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बसलो आणि एका बैठकीत ते प्रकरण लिहून काढलं. छत, रुमाल, सगळं. नावं बदलली आहेत. गुरुवारी मादाम सिहामना पाठवलं. तुला आधी विचारायला हवं होतं. त्यांचा फोन आला, त्या रडत होत्या.


महदिया, १७ मार्च

मुकदाद,

ता. क. मध्ये लिहिलंस! वर चार पानं छाती पिटून घेतलीस आणि खरी गोष्ट खाली बारीक अक्षरात.

ते अकरा दिवस माझे आहेत. महरेझने मेलेल्या माणसाचा आवाज काढला. तो तेव्हापासून शुक्रवारी मशिदीत मागच्या रांगेत उभा राहतो, पुढे जात नाही. मी विचारलं तर म्हणतो, पाय दुखतात. महदियात बोटींची इंजिनं करणारे किती जण आहेत? तू नावं बदललीस म्हणून बंदरावरची माणसं ओळखणार नाहीत? उद्या पोरं त्याला "शादली, खमीर फुगलं का?" म्हणून हाक मारतील.

तुझ्या बाईला रडू आलं, चांगलं झालं. आम्हाला तेव्हा रडायलाही वेळ नव्हता.

नझीहा


स्फाक्स, ३० मार्च

लेल्ला,

शनिवारी ट्युनिसला जाऊन प्रकरण परत घेतलं.

लुआजच्या भाड्याच्या गाडीत आठ माणसं आणि एक कोंबडा. सगळी वाट मी मनात उत्तरं जुळवत होतो, वाचकाचा हक्क, लेखकाचं कर्तव्य, दोन्ही बाजूंनी. पोचेपर्यंत मी स्वतःला तीनदा पटवलं होतं की छापायला हरकत नाही. मग मला महरेझभाई मशिदीच्या मागच्या रांगेत उभे दिसले आणि पटलेलं सगळं गळून गेलं.

मादाम सिहाम म्हणाल्या, "वेड लागलंय का? माझ्याकडे वर्षाला शंभर कादंबऱ्या येतात. असं पान येत नाही."

मी म्हणालो, "ते माझं नाही."

"कुठल्या लेखकाचं पान त्याचं असतं?"

"याच्या मालकिणीचा पत्ता मला माहीत आहे. आणि तिने नाही म्हटलंय."

त्यांनी खण उघडला. मग कागद समोर ठेवले, संगणकातलं माझ्यासमोर पुसलं आणि म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकाला आता भलं मोठं भोक पडलंय, उस्ताद. एप्रिलअखेर काय छापू?"

परत येऊन दुसऱ्या दिवशी बसलो. आता माझा माणूस दार ओढून घेतो आणि बंदराच्या कठड्यावर जातो. खोलीत काय झालं ते त्याला कळत नाही, वाचकालाही नाही. पण आता त्याला भूक लागलेली आहे. एक कोळी त्याला भाकरीचा तुकडा आणि लोणच्यातल्या मिरच्या देतो, तो खातो, आणि खाताना त्याला कळतं की आपण आईला खरं सांगायला गेलोच नव्हतो. अकरा पानं झाली आहेत. चांगली आहेत का, माहीत नाही. माझी आहेत. मादाम सिहामना पाठवली आहेत, अजून उत्तर नाही. पुस्तक निघेल की नाही, सांगता येत नाही.

वर्गात मी अजूनही म्हणतो की माणसाला खरं कळण्याचा हक्क आहे. ते मला अजून पटतं. फक्त परवा एका मुलीने विचारलं, "म्हणजे कधीही, कसंही सांगायचं का, उस्ताद?" आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी म्हणालो, "मला विचार करून सांगू दे."

प्रकरणाचे कागद सोबत पाठवतोय. माझ्याकडे प्रत नाही. जाळ, ठेव, महरेझभाईंना वाचून दाखव. त्यांना माझा सलाम सांग, आणि माफी मागितलीय म्हणून सांग. नको, हे मी स्वतः सांगायला हवं. पण तू बोलावल्याशिवाय कसा येऊ?

मुकदाद


महदिया, ८ एप्रिल

मुकदाद,

कागद मिळाले. महरेझला वाचून दाखवले. खमिरापाशी तो हसला आणि मग उठून बाहेर गेला. आल्यावर म्हणाला, "मी कोमट पाणी म्हणालो नव्हतो, ते उम्मी म्हणाली होती. नीट करायला सांग." मी म्हटलं, छापायचं नाहीये ते. तो म्हणाला, "नसेल, पण चूक ती चूक."

आता माझं ऐक. तू मला कठड्याचं सांगितलंस, मीही एक सांगते. महरेझलाही अर्धंच माहीत आहे.

शादलीची बायको फौझिया दर ईदला मिस्रात्याहून निरोप पाठवते, माझ्या वतीने उम्मीचा हात चुंबा म्हणून. उम्मी गेली तेव्हा ती पोर नवऱ्याच्या सुतकात होती, दोन लहान मुलं, रडून रडून दूध आटलेलं. माझ्याच्याने सांगवलं नाही. मी लिहिलं, उम्मीने तुला दुआ दिलीय. पुढच्या ईदलाही तेच लिहिलं. मग वर्ष झालं, मग दोन, मग आता कोणत्या तोंडाने सांगू? सहा वर्षं मी उम्मी होऊन तिला उत्तरं देतेय. गुडघ्यांचं विचारते, मी सांगते, थंडीत दुखतात. मुलांची नावं घेऊन आशीर्वाद पाठवते. मुलांसाठी उम्मीने विणलेले म्हणून मोजेसुद्धा पाठवलेत. मीच विणले.

परवा तिचा निरोप आला. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की मुलांना घेऊन महदियाला येतेय. आजीला एकदा बघू दे, म्हणते. थोरला आता दहा वर्षांचा झाला.

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. कारखान्यात परवा सुरी लागली. उम्मीसाठी मी रचलं त्याची मला लाज नाही, ते तिच्यासाठी होतं. हे कोणासाठी होतं ते मला कळत नाही. बहुतेक माझ्यासाठीच.

तुला खरं सांगता येतं, पण सांगून तू पळतोस. मला थांबता येतं, पण मी खोटं सांगते. आपण दोघं मिळून एखादा माणूस होऊ, असं महरेझ म्हणतो. तो काहीही म्हणतो.

पुढच्या शुक्रवारी ये. तुझी शाळा लवकर सुटते. आधी उम्मीकडे कब्रस्तानात जाऊ, मग घरी. महरेझ तारली नाही, चांगले मासे आणणार आहे, म्हणून निघण्याआधी फोन कर. मी उचलेन. जेवण झालं की फौझियाला फोन लावू. बोलायला सुरुवात तू कर, तिचा तो हक्क आहे. आणि ती काहीही म्हणाली, रडली, शिव्या दिल्या, तासभर गप्प राहिली, तरी सांगून झाल्यावर जागचं उठायचं नाही.

नझीहा